गुळगुळीत वास्तव : छायाचित्रवत व्हेक्टर चित्रणाची चिकित्सा

गोषवारा

संगणकावरील रेखाटन-प्रणालीच्या साह्याने छायाचित्राशी हुबेहूब जुळणारे चित्र तयार करणे हा उपयोजित कलेच्या क्षेत्रात प्रतिष्ठेचा मानला गेलेला प्रकार आहे. अशा चित्रांची प्रशंसा बहुधा ‘हे छायाचित्र नाही, यावर विश्वास बसत नाही’ या एकाच वाक्यात होते व त्याच वाक्यापाशी थांबते. ही कसोटी अपुरी का ठरते, हे प्रस्तुत लेखात साधनाच्या गणिती घडणीच्या आधारे तपासले आहे. गुळगुळीत पृष्ठभागांचे वर्णन करण्यासाठी घडलेले साधन कोणत्या प्रकारचे ‘वास्तव’ सहज स्वीकारते व कोणते वास्तव चौकटीबाहेर ठेवते, हा लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. अखेरीस अशा चित्रांच्या मूल्यमापनासाठी काही निकष सुचवले आहेत.

बीजसंज्ञा : व्हेक्टर चित्र, बेझिए वक्र, ग्रेडियंट मेश, फोटोरिअॅलिझम, पोत, वस्तुचित्र.

प्रस्तावना

संगणकीय चित्रांचे दोन मुख्य प्रकार आहेत. बिटमॅप चित्रात पडद्यावरील प्रत्येक बिंदूचा, म्हणजे पिक्सेलचा, रंग स्वतंत्रपणे नोंदलेला असतो. कॅमेऱ्याने टिपलेले छायाचित्र याच प्रकारात मोडते. व्हेक्टर चित्रात बिंदूंच्या रंगांची यादी नसते. तेथे आकारांची वर्णने असतात : अमुक बिंदूपासून अमुक बिंदूपर्यंत अशा वळणाची रेषा, तिच्या आत अमुक रंग. बोधचिन्हे, अक्षरांचे टंक, नकाशे व तक्ते यांसाठी ही पद्धत स्वाभाविक आहे, कारण या सर्वांचे स्वरूपच रेषा व सपाट रंगक्षेत्रे यांचे असते.

छायाचित्राचे स्वरूप याच्या नेमके उलट असते. त्यात रेषा नसतात. छटा एकमेकींत मिसळत जातात. त्यामुळे व्हेक्टर माध्यमात छायाचित्रवत चित्र रेखाटणे म्हणजे साधनाला त्याच्या प्रकृतीविरुद्ध राबवणे, अशी समजूत रूढ झाली आणि या चित्रांना मिळणाऱ्या दादेचा मोठा भाग या समजुतीवर उभा आहे. ही समजूत अर्धीच खरी आहे. काही विशिष्ट प्रकारच्या वास्तवाच्या बाबतीत हे साधन मुळीच प्रकृतीविरुद्ध वागत नाही. उलट ते आपल्या मूळ घरी परतलेले असते. हा मुद्दा स्पष्ट होण्यासाठी साधनाच्या जन्मकथेकडे वळणे आवश्यक आहे.

साधनाची घडण

संगणकाच्या पडद्यावर रेषा ओढून आकृती घडवता येते, हे आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली एमआयटी या संस्थेतील आपल्या ‘स्केचपॅड’ या प्रणालीद्वारे दाखवून दिले. मात्र आजच्या रेखाटन-प्रणालींचा कणा असलेला वक्र मोटारींच्या कारखान्यांत जन्मला. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ च्या सुमारास आणि रेनो कंपनीत पिअर बेझिए यांनी १९६० च्या दशकात मोटारीच्या पत्र्याची वळणे मोजक्या बिंदूंच्या आधारे गणिती भाषेत कशी मांडावीत, या प्रश्नाचे उत्तर शोधले. सित्रोएनने ते काम गुप्त ठेवले. बेझिए यांनी आपले प्रसिद्ध केले. म्हणून त्या वक्राला बेझिए यांचे नाव लाभले. १९६० च्या दशकातच एमआयटीत स्टीव्हन कून्स यांनी चार वक्र कडांच्या मधला पृष्ठभाग सलगपणे कसा भरावा, याचे गणित मांडले. त्यामागेही वक्र पृष्ठभागांच्या औद्योगिक आराखड्यांचीच गरज होती.

पुढे हे गणित छपाईच्या क्षेत्रात आले. जॉन वॉर्नॉक व चार्ल्स गेश्की यांनी १९८२ साली स्थापन केलेल्या अॅडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णनाची भाषा १९८४ साली बाजारात आली. १९८७ साली आलेल्या ‘इलस्ट्रेटर’ने बेझिए वक्र थेट चित्रकाराच्या हाती दिला. पुढच्याच वर्षीच्या आवृत्तीत ब्लेंड हे साधन आले. त्यामुळे दोन आकारांच्या मधल्या पायऱ्या संगणक स्वतः भरू लागला. १९८९ साली ‘कोरल ड्रॉ’ आले. महाराष्ट्रातील लग्नपत्रिका, हस्तपत्रके व फलक तयार करणाऱ्या असंख्य छोट्या व्यावसायिकांना व्हेक्टर पद्धतीची ओळख झाली ती प्रामुख्याने याच प्रणालीमुळे.

छायाचित्रवत चित्रणाला निर्णायक वळण मिळाले ते १९९८ साली इलस्ट्रेटरच्या आठव्या आवृत्तीत ग्रेडियंट मेश हे साधन आले तेव्हा. कोरल ड्रॉच्या नवव्या आवृत्तीत १९९९ साली तत्सम सोय झाली, तर ‘इंकस्केप’ या मुक्त प्रणालीत ती २०१७ साली आली. मेश म्हणजे रंगछटांची जाळी. कून्स यांच्या पृष्ठभागांच्या कुळातीलच हे साधन आहे. थोडक्यात, वक्र रेषा मोटारीच्या पत्र्यासाठी जन्मली आणि छटांची जाळी औद्योगिक पृष्ठभागांच्या गणितातून आली. साधनाचा हा पूर्वेतिहास त्याच्या साह्याने घडलेल्या चित्रांत उमटल्यावाचून राहत नाही.

तांब्याचे उदाहरण

जाळी कशी काम करते, हे एका परिचित वस्तूवरून पाहता येईल. महाराष्ट्र शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांची तयारी करताना विद्यार्थी तांब्या, पेला, बादली अशा वस्तूंचे चित्रण शिकतो. तांब्याच्या फुगीर पोटावर प्रकाश कोठे पडतो, मध्यछटा कोठे सुरू होते, गडद छाया कडेच्या किंचित आत का असते, कडेवर परावर्तित प्रकाश का उजळतो आणि खाली पडछाया कशी पसरते, हे त्याला पाहायला शिकवले जाते. पेन्सिलीने चित्र काढणारा ही संक्रमणे हाताच्या दाबाने साधतो.

मेश वापरणाऱ्याला ती बिंदूंनी साधावी लागतात. तांब्याच्या पोटाचा आकार आडव्या व उभ्या रेषांच्या जाळीत विभागला जातो. प्रत्येक छेदबिंदूला एक रंग दिला जातो आणि दोन बिंदूंमधला प्रदेश संगणक सलग छटांनी भरतो. दोन रेषा परस्परांपासून दूर असतील तर छटा सावकाश बदलते; त्या जवळ आणल्या की बदल तीव्र होतो. घासून लख्ख केलेल्या पितळेवरील प्रकाशाची धारदार कड दाखवायची असेल, तर तेथे रेषांची दाटी करावी लागते. जाळीच्या रेषा आकाराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातात. त्यामुळे एका ठिकाणच्या तपशिलासाठी वाढवलेला बिंदू आपल्याबरोबर अख्खी रांग व अख्खा स्तंभ घेऊन येतो आणि जेथे गरज नाही तेथेही गुंता वाढतो. जाळीला मध्ये भोक पाडता येत नाही. म्हणून पोट, गळा व काठ यांच्या जाळ्या वेगळ्या रचाव्या लागतात आणि त्यांच्या कडा एकमेकींशी रंगाने व वळणाने जुळवाव्या लागतात.

या वर्णनावरून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी, की हे काम यांत्रिक नाही. कोठे बिंदू द्यावा व कोठे देऊ नये, हा प्रत्येक वेळी वस्तूच्या घडणीविषयीचा निर्णय असतो. जाळीच्या रेषा तांब्याच्या गोलाईबरोबर वळल्या, तर चित्रकाराला गोलाई कळलेली आहे. त्या आकाराशी फटकून आडव्यातिडव्या धावल्या, तर त्याने केवळ छायाचित्रातील रंग उचललेले आहेत. दुसरी गोष्ट अशी, की या साधनाला लख्ख पितळ सोपे जाते. चिंचेने घासल्यावर राहिलेले ओरखडे, पोचे आणि चुलीच्या धुराने धरलेली काजळी त्याला जड जाते. सलगता हा जाळीचा स्थायीभाव आहे, तर काजळी सलग नसते.

विषयांची निवड की साधनाची निवड?

या प्रकारातील गाजलेली चित्रे पाहिली, तर विषयांचे एक ठरावीक वर्तुळ दिसते : मोटारी, मोटारसायकली, कॅमेरे, घड्याळे, काचेचे पेले, फळांवरील पाण्याचे थेंब, चकचकीत ओठ. ग्रेडियंट मेशवरील प्रभुत्वासाठी जगभर ओळखले जाणारे जपानी चित्रकार युकिओ मियामोतो यांची मोटारसायकलींसारख्या यंत्रांची चित्रे या परंपरेतील आदर्श मानली जातात. क्रोमच्या नळीवर उमटलेले भोवतालचे वाकडे प्रतिबिंब आणि रंगवलेल्या टाकीवरून सरकणारा प्रकाश यांतील त्यांचे कौशल्य वादातीत आहे. तरीही प्रश्न उरतो, की या प्रकारातील इतके चित्रकार पुन:पुन्हा याच वस्तूंकडे का वळतात?

याचे एक उत्तर बाजारपेठेत सापडते. या चित्रणाचा पोशिंदा मुख्यत: जाहिरात व वस्तूंचे वेष्टन हा व्यवसाय आहे आणि त्याला नवी कोरी वस्तू हवी असते. परंतु अधिक मूलभूत उत्तर वर आलेल्या इतिहासात आहे. मोटारीच्या पत्र्यासाठी घडलेला वक्र मोटारीचा पत्रा उत्तम रेखाटतो, यात नवल नाही. चित्रकाराला वाटते, की विषय आपण निवडला. प्रत्यक्षात ती निवड पुष्कळ अंशी साधनाने आधीच केलेली असते. ज्या चित्रांना ‘प्रकृतीविरुद्धचा पराक्रम’ म्हणून दाद मिळते, त्यांतील बरीचशी साधनाच्या प्रकृतीला अगदी अनुकूल अशीच असतात.

येथे ‘वास्तव’ या शब्दाचा अर्थ आक्रसतो. धूळ, गंज, माती, खादीची वीण, उन्हाने रापलेली कातडी, म्हाताऱ्या हातावरच्या सुरकुत्या हे सारे वास्तवच आहे. मात्र या पोतात लगतचा प्रत्येक बिंदू आपल्या शेजाऱ्याहून वेगळा असतो आणि त्यामुळे जाळीतून तो निसटतो. तो आणण्याचे मार्ग नाहीत असे नव्हे. हजारो बारीक रेषांचे थर देता येतात. एसव्हीजी या २००१ साली प्रमाणित झालेल्या व्हेक्टर स्वरूपात कृत्रिम खडबडीतपणा निर्माण करणारी गणिती सोयही आहे. परंतु अशा सोयीने मिळणारा खडबडीतपणा सर्वत्र सारखा असतो. विळ्याची मूठ जेथे बोटे टेकतात तेथेच झिजते. गणिती खडबडीतपणाला मूठ कोणी धरली होती, हे ठाऊक नसते. पोत हा वस्तूच्या वापराचा इतिहास असतो आणि इतिहास सरसकट शिंपडता येत नाही.

अमेरिकन चित्रकार बर्ट मन्रॉय यांचे ‘डेमन’ हे शिकागोतील एका रेल्वेस्थानकाचे २००६ साली प्रकाशात आलेले चित्र या संदर्भात बोलके आहे. ४० इंच उंच व १२० इंच रुंद अशा या चित्राला अकरा महिने लागले आणि त्यात अडीच लाखांहून अधिक पाथ आहेत. नव्या वस्तूंच्या वर्तुळाबाहेर पडून वापरातले, जुने शहर चितारण्याची महत्त्वाकांक्षा त्यात दिसते. मात्र या चित्राची घडण संमिश्र आहे : आकार इलस्ट्रेटरच्या पाथनी रेखाटलेले आहेत, झिजलेल्या पृष्ठभागांचा पोत व छायाप्रकाश फोटोशॉप या बिटमॅप प्रणालीत रंगवलेला आहे. शहराची झीज दाखवण्याची वेळ आली, तेव्हा कुशल चित्रकारालाही व्हेक्टरची सीमा ओलांडावी लागली. याला त्यांचे अपयश म्हणता येणार नाही. साधनाची मर्यादा ओळखण्याचा तो प्रामाणिकपणा आहे. शुद्ध व्हेक्टरचा आग्रह धरणारे पुष्कळ जण मात्र सीमा न ओलांडता विषयच बदलतात.

फोटोरिअॅलिझमशी तुलना

छायाचित्रवत व्हेक्टर चित्रणाचे नाते अनेकदा अमेरिकेतील फोटोरिअॅलिझमशी जोडले जाते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात उदयाला आलेल्या या प्रवाहाला लुई मायझेल यांनी १९६९ साली हे नाव दिले आणि १९७२ साली जर्मनीतील कासेल येथील ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनातून तो युरोपीय प्रेक्षकांपुढे ठळकपणे आला. वरवर पाहता साम्य उघड आहे : दोन्हीकडे छायाचित्र हाच आधार, दोन्हीकडे प्रचंड कष्ट, आणि रिचर्ड एस्टेस यांच्या दुकानांच्या काचा व राल्फ गोइंग्ज यांची उपाहारगृहे पाहता चकाकीचे आकर्षणही समान.

भेद मात्र मूलगामी आहे. चक क्लोज यांच्या १९६७-६८ मधील ‘बिग सेल्फ-पोर्ट्रेट’ या सुमारे ९ फूट उंच कृष्णधवल व्यक्तिचित्रात दाढीचे खुंट, विस्कटलेले केस व त्वचेची रंध्रे यांना कोणतीही सवलत मिळालेली नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, चेहऱ्याचा काही भाग स्पष्ट व काही भाग धूसर आहे, कारण मूळ छायाचित्रात भिंगाचा फोकस तसा होता. माणसाचा डोळा असे पाहत नाही. कॅमेरा असे पाहतो. क्लोज यांनी चेहऱ्याबरोबर कॅमेऱ्याची पाहण्याची रीतही चितारली आणि छायाचित्र म्हणजेच वास्तव ही प्रेक्षकाची गृहीत धारणा उघडी पाडली.

छायाचित्रवत व्हेक्टर चित्रांत फोकसची धूसरता व भिंगातील प्रकाशाची चमक पुष्कळदा आढळते. पण ती कॅमेऱ्याविषयी काही सांगण्यासाठी आलेली नसते. चित्र अधिक ‘खरे’ वाटावे, म्हणून ती सजावटीसारखी लावलेली असते. फोटोरिअॅलिझमने छायाचित्राविषयी शंका निर्माण केली. व्हेक्टर चित्रणाच्या या शाखेने छायाचित्राला प्रमाण मानले. एकाच तांत्रिक मार्गाने जाणाऱ्या या दोन प्रवृत्तींची दिशा परस्परविरुद्ध आहे आणि समीक्षेने त्यांची गल्लत करता कामा नये.

‘कितीही मोठे करा’ हा दावा

व्हेक्टर चित्र दर्जा न घटता कितीही मोठे करता येते, हा त्याच्या बाजूने नेहमी केला जाणारा युक्तिवाद आहे. बोधचिन्हाच्या बाबतीत तो पूर्णपणे खरा आहे. छायाचित्रवत चित्राच्या बाबतीत मात्र त्याची तपासणी करणे भाग आहे. चित्र दसपट मोठे केले, की कडा धारदारच राहतात हे खरे. परंतु दोन बिंदूंच्या मधली जागा दसपट मोठी व तितकीच रिकामी होते. प्रत्यक्ष तांब्याजवळ गेल्यास नवे ओरखडे दिसू लागतात. चित्रातील तांब्याजवळ गेल्यास केवळ छटेचा उतार लांबत जातो. तपशील चित्रकाराने दिलेल्या बिंदूंइतकाच असतो. अमर्याद आहे ती कडांची स्पष्टता. निरीक्षणाला मर्यादा आहेच. या दोहोंतील फरक न ओळखल्यामुळे अशा चित्रांची थोरवी त्यांच्या सर्वांत दुर्बल जागी शोधली जाते.

सादृश्याचे अवमूल्यन

हुबेहूबपणा ही कसोटी आणखी एका कारणाने निकामी झाली आहे. छायाचित्राचे रूपांतर आपोआप व्हेक्टर आकारांत करणाऱ्या सोयी जुन्याच आहेत. त्यात २०२२ सालापासून शब्दांत केलेल्या वर्णनावरून छायाचित्रसदृश प्रतिमा तयार करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली सर्वसामान्यांच्या हाती आल्या, आणि २०२३ साली इलस्ट्रेटरमध्येही वर्णनावरून व्हेक्टर आकार घडवणारी सोय दाखल झाली. जे साधण्यासाठी चित्रकार महिनोन्महिने खर्च करत असे, त्याचा वरवरचा परिणाम काही क्षणांत मिळू लागला. सादृश्य हेच मूल्य मानले, तर या चित्रकारांचे श्रम आता निरर्थक ठरतात. हा निष्कर्ष अनेकांना अस्वस्थ करणारा आहे आणि ती अस्वस्थता रास्त आहे.

तथापि तो निष्कर्ष चुकीच्या गृहीतावर उभा आहे. हाताने रचलेल्या जाळीचे मूल्य तिच्या अंतिम रूपात कधीच पूर्णपणे सामावलेले नव्हते. रेखाटन-प्रणालीत चित्राचे रंग बाजूला सारून केवळ बाह्यरेषा पाहण्याची सोय असते. त्या दृश्यात हुबेहूबपणा नाहीसा होतो आणि उरतो तो निर्णयांचा आलेख : काय महत्त्वाचे मानले, काय गाळले, कोठे दोन बिंदूंत भागवले आणि कोठे दहा बिंदू देऊनही समाधान झाले नाही. चित्रकाराच्या पाहण्याची अशी संपूर्ण नोंद तैलचित्र देत नाही, कारण तेथे वरचा थर खालचा झाकतो. व्हेक्टर चित्राचे हे वैशिष्ट्य अपूर्व आहे. तरीही प्रदर्शनात व छपाईत नेमके तेच लपवले जाते.

मूल्यमापनाचे निकष

वरील विवेचनाच्या आधारे अशा चित्रांकडे पाहताना पुढील निकष उपयुक्त ठरावेत.

१. रचनेचा निकष : जाळीच्या रेषा वस्तूच्या घडणीचे अनुसरण करतात काय? कमी बिंदूंत अधिक सांगणारी रचना ही अनावश्यक दाटीपेक्षा श्रेष्ठ मानावी. बिंदूंची वा खर्चलेल्या तासांची संख्या हा गुण नव्हे.

२. पोताचा निकष : साधनाला जड जाणाऱ्या पृष्ठभागांशी चित्रकाराने झुंज घेतली आहे, की ते पृष्ठभागच टाळले आहेत?

३. आधाराचा निकष : छायाचित्र केवळ गिरवले आहे, की वस्तूच्या निरीक्षणाने ते तपासले व दुरुस्त केले आहे? दुसऱ्याचे छायाचित्र आधाराला घेतले असल्यास त्याची अनुमती व उल्लेख हा केवळ शिष्टाचाराचा भाग राहत नाही; कृतीच्या कर्तृत्वाशी त्याचा संबंध आहे.

४. प्रयोजनाचा निकष : हे चित्र छायाचित्राने भागले नसते असे काही सांगते काय? यंत्राचे अंतरंग उलगडणारे छेदचित्र किंवा प्रकाशात एकसारखी ठेवलेली वनस्पतींची शास्त्रीय चित्रे यांच्या बाबतीत याचे उत्तर होकारार्थी येऊ शकते.

यांपैकी दुसरा निकष अध्यापनाच्या दृष्टीने सर्वाधिक महत्त्वाचा आहे. सफरचंद, काचेचा पेला व मोटार या सरावाच्या ठरावीक वस्तू विद्यार्थ्याला साधन शिकवतात; परंतु त्यांच्यापाशीच थांबल्यास साधन विद्यार्थ्याला आपल्यासारखे पाहायला शिकवते. लख्ख तांब्याच्या शेजारी काजळी धरलेला तांब्या ठेवला, तर साधन कोठे अपुरे पडते हे त्याला स्वत:च्या हाताने कळेल.

निष्कर्ष

छायाचित्रवत व्हेक्टर चित्रण हा केवळ कसरतीचा प्रकार म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे आहे आणि ‘छायाचित्रच जणू’ म्हणून गौरवणे अपुरे आहे. त्याचे खरे सामर्थ्य वस्तूच्या घडणीचे बिंदू-बिंदूंनी केलेले वाचन उघडपणे नोंदवण्यात आहे. त्याची मोठी उणीव सलग व चकचकीत तेच वास्तव मानण्यात आहे. ही उणीव साधनाच्या औद्योगिक वारशातून आली असली, तरी ती अटळ नाही. ज्या वस्तू माणसांच्या हातांत झिजल्या, त्यांचे चित्रण या माध्यमात कष्टाचे आहे, अनेकदा संमिश्र तंत्राची मागणी करणारे आहे आणि म्हणूनच तेथे चित्रकाराच्या दृष्टीला वाव आहे. हुबेहूब प्रतिमा विनासायास मिळू लागलेल्या काळात या कलाप्रकाराचे भवितव्य तो वाव किती घेतला जातो, यावर अवलंबून राहील.